तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मी तासगावची

गाव कुठलं विचारतात, मी तासगाव तालुका म्हणते, आणि पुढचा प्रश्न मला पाठ झालाय. "म्हणजे आर. आर. आबांचं! मग एक सांगा, 26/11 ला ते तसलं बोलले, राजीनामा द्यावा लागला, तरी तुमच्याकडच्या लोकांनी त्यांना परत निवडून कसं काय दिलं?" ऑफिसात विचारून झालंय, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांनी विचारलंय, एकदा भाड्याची खोली बघायला गेले तर घरमालकानं डिपॉझिटच्या आधी हेच काढलं. आबा म्हणजे आर. आर. पाटील, 26/11 चा मुंबईवरचा हल्ला झाला तेव्हाचे राज्याचे गृहमंत्री. माणूस 2015 च्या फेब्रुवारीत गेला तरी प्रश्न काही जात नाही. आणि विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, त्याला मी जरा ओशाळलेली बघायची असते. आता एकदाच लिहून ठेवते, परत कुणी विचारलं तर हेच पाठवीन.

पहिली गोष्ट, आमच्याकडं त्यांना कुणी गृहमंत्री म्हणून मत देत नव्हतं. 1979 ला सावळज गटातून ते झेडपीवर गेले, वय बाविशीच्या आसपास, आणि अकरा वर्षं तिथंच. 1990 ला आमदार झाले ते शेवटपर्यंत, सहा वेळा. पण माझं म्हणणं असं की आबा आमदार झाले, मंत्री झाले, उपमुख्यमंत्री झाले तरी आतून झेडपी मेंबरच राहिले. झेडपी मेंबर म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कळत नाही, त्याचा दोष नाही. शाळाखोलीचा पत्रा उडाला, टँकरची खेप चुकली, मास्तरची बदली अडली, कुणाची माती झाली, सगळ्याला मेंबर लागतो. सावळजचा तो पूर्व भाग तेव्हा कोरडा ठाक. द्राक्षं आणि बेदाणा बघून लोकांना वाटतं तासगाव म्हणजे बागायती, पण उन्हाळ्यात घागरी घेऊन टँकरची वाट बघण्यात माझं निम्मं बालपण गेलंय. तिथं जो माणूस तुमच्या दारात येऊन चहा पिऊन जातो तो पुढं मुंबईत काय बोलला यावर तुम्ही त्याला तोलत नाही. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये, असं होतं एवढंच सांगतेय.

आता ते वाक्य. मी तेव्हा पुण्यात हॉस्टेलला, सेकंड इयर. तीन दिवस टीव्हीसमोरून कुणी हललं नव्हतं, आणि मोठ्या शहरात अशा छोट्या गोष्टी होतातच अशा अर्थाचं हिंदी ऐकू आलं तेव्हा रूममेटनं टीव्हीकडं न बघता माझ्याकडं बघितलं. ती दादरची. मी काय करणार, मी म्हणाले त्यांचं हिंदी कच्चं आहे. हे उत्तर मी नंतर वर्षभर वापरलं. त्याहून जरा बरं उत्तर मला पुढं सापडलं, ते असं की आमच्याकडं मयताच्या घरी गेल्यावर लोक काय म्हणतात? "चालायचंच. कुणाच्या हातात असतंय." मेंबर आला की तोही तेच म्हणतो, आणि रडणाऱ्या माणसाला त्याचा आधारच वाटतो. आबांच्या तोंडून तेच सवयीचं सांत्वन गेलं, फक्त चुकीच्या जागी आणि चुकीच्या भाषेत. हे मी एकदा लांबलचक लिहिलंसुद्धा होतं, आणि बरंच खपलं होतं ते. आज वाचलं तर मलाच कसंतरी होतं. 166 माणसं गेली, शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे नुसत्या हातानं कसाबची बंदूक धरून ठेवत जिवानिशी गेले, आणि पोलीस ज्याच्या हाताखाली होते तो माणूस मयताला आलेला पाहुणा कसा? तो घरातला कर्ता. कर्त्यानं "चालायचंच" म्हणायचं नसतं. 1 डिसेंबरला राजीनामा दिला ते ठीकच झालं. पण 2009 ला माझं पहिलं मत मी कुणाला दिलं, हे मत गुप्त असतं तरी सांगते, आबांनाच दिलं. आणि ते परत गृहमंत्री झाले तेव्हा मला आनंदही झाला होता, हेही खरं.

का दिलं? संडासामुळं. हसू नका.

1999 ला आबा ग्रामविकास मंत्री झाले आणि त्यानंतर संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. कामाला सरकारचा पैसा नाही, गावानं श्रमदान करायचं, तपासणीला कमिटी येणार, नंबर आला तर बक्षीस. राज्यात पहिल्या येणाऱ्या गावाला 25 लाख. आमचं गाव असलं पेटलं म्हणून सांगू, एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ एका गटारात फावडी घेऊन उतरले. आमच्या घरी परड्यात संडास बांधला, वर सिमेंटचा पत्रा, दाराला आतून कडी. मी तेव्हा सातवीत, नुकतीच मोठी झालेली, कळणाऱ्याला कळेल मी काय म्हणतेय ते. पहिल्या दिवशी आई त्या कडीला हात लावून नुसती उभी होती. म्हणाली, "लगीन करून आल्यापासनं दिस मावळायची वाट बघत्येय मी." बास, आमच्या घरातली मतं त्या कडीनं ठरवली. तुम्ही ज्या माणसाला एका वाक्यावरून ओळखता त्याला मी एका कडीवरून ओळखते.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं, आणि विचारणाऱ्यांना मी आजवर एवढंच सांगत आलेय. पण त्याच वर्षी शाळेत आम्हाला शिट्ट्या वाटल्या. पुढं ज्याला गुड मॉर्निंग पथक म्हणायला लागले तसलंच काहीतरी, तेव्हा नाव नव्हतं. पहाटे पाचला मुलांनी माळाकडं जायचं, मुलींनी ओढ्याकडं, कारण तिकडं बायका जायच्या. कुणी बसलेलं दिसलं की बॅटरी मारायची, शिट्टी फुंकायची आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "लाज वाटत नाही का?" आम्ही चौघी होतो. लाल प्लॅस्टिकची शिट्टी, दोरी गळ्यात, थंडीनं ओठ बधिर झाले की ती नीट वाजायची नाही, थुंकी आत जाऊन नुसती फुरफुरायची. मला ते काम आवडायचं. खोटं कशाला बोलू, लई आवडायचं. मोठी माणसं आमच्याकडं बघून पळायची.

एक दिवस बाभळीमागं कुणीतरी हललं. बॅटरी माझ्याकडं होती. मी मारली. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी आजी होती, सत्तरीच्या पुढची, गुडघे गेलेले. मी शिट्टी फुंकली, त्या दिवशी नेमकी ती चांगली वाजली. बाकीच्या तिघी ओरडल्या, मीही ओरडले. आजीला पटकन उठता येईना. एक हात जमिनीला टेकून उठायला बघितलं, टमरेल कलंडलं, पाणी सगळं मातीत, आणि ती तशीच परत खाली बसली. मग तिनं काय केलं तर पदर तोंडावर घेतला. बाकी काही झाकायच्या आधी तोंड झाकलं. मी बॅटरी बंद करायला पाहिजे होती. मी ती किती वेळ धरून ठेवली ते मला आठवत नाही, पण लगेच बंद केली नाही हे नक्की आठवतंय. पदराआडनं ती म्हणाली, "कुणाची गं तू?" मी काही बोलले नाही. शाळेत आल्यावर त्या दिवशीचा आकडा वहीत लिहिला, ओढा, एक.

आजीचं घर म्हणजे दोन भिंतींच्या मधली एक खोली, पुढं रस्ता, मागं दुसऱ्याची भिंत. संडास बांधायला जागाच नव्हती, आणि बांधला असता तरी पाणी कुठून आणणार होती. तिच्या सुनेनं नंतर आईला सांगितलं, आमची म्हातारी रातचं जेवायची बंद झालीया. पहाटे जावं लागू नये म्हणून. कमिटी आली, रस्ता झाडून लख्ख, आणि आजीच्याच भिंतीवर, ती रस्त्याला लागून होती म्हणून, निळ्या ऑइल पेंटनं गाडगेबाबा काढले होते, हातात खराटा. बक्षीस मिळालं. आम्हाला पेढे वाटले.

शिट्टी आबांनी दिली नव्हती, हे मी स्वतःला हजारदा सांगितलंय. शिट्टी आमच्याच गावानं दिली, आबांनी फक्त बक्षीस ठेवलं होतं. मग दुसरी मी विचारते की नंबर लावल्यावर गाव कुणाला हाकलणार हे अकरा वर्षं झेडपीत काढलेल्या माणसाला माहीत नव्हतं होय? आणि तिसरी म्हणते, हे सगळं बोलायला तुला जी शाळा-कॉलेजं झाली ती त्या कडीमुळं, गप बस. या तिघींचं अजून मिटलेलं नाही.

एकदा हे दिसलं की मग सगळीकडं दिसायला लागतं. 2005 ची डान्सबार बंदी, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या, त्या बायका उद्या काय खाणार हे डोक्यातही आलं नाही, 2013 ला सुप्रीम कोर्टानंही बंदी टिकू दिली नाही. 2007 ची तंटामुक्त गाव योजना, कल्पना किती चांगली, कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा गावात मिटवा, पण नवऱ्यानं मारलेल्या बाईलाही पारावर बसवून "मिटवून घे" म्हणताना मी बघितलंय. राज्य म्हणजे एक मोठं गाव आणि गाव म्हणजे आपली माणसं, असा त्यांचा हिशोब असावा. आपली माणसं ऐकतात हे खरंच, पण आपल्याच माणसांची सगळ्यात भीती वाटते हे बायकांना विचारा.

आणि 2014 चं मी कुणाला सांगतच नाही, तुम्हीही सहसा विचारत नाही. प्रचारात विरोधी उमेदवारावरच्या बलात्काराच्या केसवरून आबा बोलले, आमदार व्हायचं होतं तर बलात्कार निवडणुकीनंतर तरी करायचा, अशा अर्थाचं. टोमणा म्हणून बोलले असतील, नंतर दिलगिरीही व्यक्त केली. पण ते वाक्य हिंदीत नव्हतं. आपल्याच मराठीत होतं, आमच्याच मतदारसंघात, समोर बसलेली माणसंही आमचीच. त्यांचं हिंदी कच्चं असल्याची माझी सबब तिथं संपली. त्या वेळी मी मताला गावी गेले नाही, सुट्टी नाही म्हणून सांगितलं. सुट्टी होती. ते निवडून आले.

चार महिन्यांत गेले, 57 वर्षांचे होते, तोंडाचा कॅन्सर. आमच्याकडं अंजनीला, आबांच्या गावी, माणूस लोटला होता. आई गेली, चालत्या टेम्पोत उभी राहून. मी ऑफिसात होते, दुपारी फोन केला तर तिच्या मागं नुसता गलका. मी म्हटलं, एवढं उन्हातनं कशाला गेलीस? म्हणाली, "मंग? आपल्या दारात संडास कुणामुळं झाला?"

मला काय झालं माहीत नाही, मी म्हटलं, आई, ती गल्लीच्या टोकाची आजी आठवती का? ती जाऊन तेव्हाच बरीच वर्षं झाली होती. आई म्हणाली, आठवती की. मी म्हटलं, तिला ओढ्यावर शिट्टी...

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "म्हातारीनं दुसऱ्याच दिवशी सांगितलंवतं. पोरीला काय बोलू नगंस म्हनली." मग टेम्पो भरत आला, जागा जाईल, ठेवते, म्हणाली.