टाचेची जखम आणि सहा स्टेन

धुळ्याच्या आमच्या लॅबमध्ये टाचेच्या जखमा नेहमीच्याच. कपाशीच्या वावरात अनवाणी पाय, त्यात बाभळीचा काटा मोडतो, कुरूप होतं, मग चिघळतं. साक्रीकडच्या एका साठीतल्या शेतकऱ्याची बायोप्सी आली, तेव्हा फॉर्मवर एवढंच होतं: 'न भरणारी जखम, लालसर गाठ.' काळेपणाचा उल्लेखही नाही.

स्लाइडवर मात्र ठळक न्यूक्लिओलस (केंद्रकातला ठिपका) असलेल्या मोठ्या पेशींचे थवे. मेलॅनिनचा, म्हणजे कातडीच्या रंगद्रव्याचा, एक कणही नाही. स्क्वॅमस कार्सिनोमा (कातडीच्या वरच्या थराचा कॅन्सर), लिम्फोमा (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा) की मेलॅनोमा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा)? तिन्हींचे उपचार वेगळे.

इम्युनोसाठी, म्हणजे ठरावीक प्रथिनं रंगवून पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या स्टेनसाठी, ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) मुंबईला पाठवावा लागतो, आणि दर मार्करचे, म्हणजे अशा प्रत्येक स्टेनचे, पैसे वेगळे. शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, "साहेब, जो नक्की सांगेल तो एकच करा ना." त्याची अडचण कळत होती, पण असा एक मार्कर नाही. एस-१०० मेलॅनोमात जवळजवळ नेहमी उमटतो, पण मज्जातंतूंच्या गाठींतही उमटतो. एचएमबी-४५ जास्त नेमका, पण सगळ्याच मेलॅनोमांत येत नाही. हे मी त्याला बसवून समजावलं. सहा मार्कर ठरले.

स्लाइड परत आल्या. सायटोकेरॅटिन या कातडीच्या पेशींच्या मार्करने वरची कातडी छान तपकिरी झालेली, गाठ कोरी. म्हणजे स्टेन नीट लागलाय, पेशीच कार्सिनोमाच्या नाहीत. एलसीए हा पांढऱ्या पेशींचा मार्कर फक्त लिम्फोसाइट्समध्ये, गाठीत नाही; म्हणजे लिम्फोमाही नाही. एस-१०० सगळीकडे. सॉक्स-१० हा मेलॅनोमात केंद्रकात उमटणारा मार्कर लावल्यावर तर गाठीतलं प्रत्येक केंद्रक तपकिरी! आणि गाठीच्या कडेला, कातडीच्या तळाच्या थरातून एकेकट्या पेशी वर चढताना दिसत होत्या. साध्या स्लाइडवर त्या माझ्या नजरेला लागणं कठीणच होतं. त्यावरूनच ही गाठ इथेच, टाचेच्या कातडीत सुरू झाली हे कळलं. मेलॅन-ए हा मेलॅनोमाचा आणखी एक मार्कर तुरळक. एचएमबी-४५ जवळजवळ कोरा. तोच एक मागवला असता, तर मेलॅनोमा नाही असं वाटून गेलं असतं.

रिपोर्टमध्ये लिहिलं: रंगद्रव्यविरहित अ‍ॅक्रल (तळहात-तळपायांवर होणारा) मेलॅनोमा. ब्रेस्लो जाडीपुढे (गाठ कातडीत किती खोल गेली त्याचं माप) 'किमान' हा शब्द मुद्दाम टाकला, कारण बायोप्सीच्या तळापर्यंत गाठ होतीच.

आता रुंद ऑपरेशन आणि जांघेतल्या सेंटिनल लिम्फ नोडची (कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो ती लसिका गाठ) तपासणी ठरली आहे. त्या नोडवर सॉक्स-१० आणि मेलॅन-ए लावायचे हे आत्ताच लिहून ठेवलंय. लिम्फ नोडमधल्या नेहमीच्या डेंड्रिटिक (प्रतिकारशक्तीच्या) पेशीही एस-१०० घेतात, तिथे एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.