सरकारचा वकील आणि सतरा कलमं

गेल्या आठवड्यात ओरोसच्या कोर्टात माझं मॅटर बोर्डावर बत्तीस नंबरला होतं, बाहेर पाऊस असा की समोरची इमारत दिसेना, त्यात लाईट गेली, मग बाररूमच्या खिडकीशी बसून मोबाइलवर एलएलएमचं राहिलेलं वाचन काढलं. केस होती आयएनएस (म्हणजे अमेरिकेचं तेव्हाचं इमिग्रेशन खातं) विरुद्ध चढ्ढा. अमेरिकेच्या घटनेच्या पेपरला ही येतेच येते, आणि आडनाव चढ्ढा म्हटल्यावर आपण जरा जास्तच लक्ष देऊन वाचतो ना!

तर हा जगदीश राय चढ्ढा. जन्म केनियाचा, आईबाप भारतीय, पासपोर्ट ब्रिटिश. १९६६ साली स्टुडंट व्हिसावर अमेरिकेत गेला, १९७२ मध्ये व्हिसा संपला, आणि जायचं कुठे हाच प्रश्न. तिथल्या इमिग्रेशन जजने १९७४ मध्ये त्याची हद्दपारी थांबवली. पण तेव्हाच्या कायद्यात अशी सोय होती की संसदेच्या नुसत्या एका सभागृहाने ठराव केला तरी तो निर्णय रद्द. १९७५ च्या डिसेंबरात तसा ठराव झाला, ३४० जणांच्या यादीतून सहा नावं काढली, त्यात हा. चर्चा जवळपास नाहीच. आपल्याकडे ग्रामसभेतसुद्धा यापेक्षा जास्त आरडाओरडा होतो.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि खरी गंमत इथे आहे. सरकारतर्फे उभा राहिला सॉलिसिटर जनरल रेक्स ली, आणि त्याचं म्हणणं काय तर एकाच सभागृहाने निर्णय रद्द करायचा हा व्हेटो घटनाबाह्य आहे. म्हणजे सरकारी वकील आणि चढ्ढाचा वकील एकाच बाजूला! कायद्याचा बचाव करायला संसदेला आपले वेगळे वकील उभे करावे लागले. १९८३ मध्ये निकाल लागला, ७ विरुद्ध २, व्हेटो गेला. आता यात सरकारचाही फायदा होताच, व्हेटो गेला की राष्ट्रपतीच्या हाताखालच्या खात्यांचे हात मोकळे, तेव्हा ली म्हणजे अगदी संत वगैरे समजायचं कारण नाही. पण विरोधात निकाल लिहिणाऱ्या दोघांत एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट, ज्यांच्याकडे ली कॉलेजातून बाहेर पडल्यावर क्लार्क, म्हणजे न्यायमूर्तींच्या हाताखालचा मदतनीस, म्हणून शिकला होता! या एका निकालाने दोनशेच्या आसपास कायद्यांतली अशी कलमं उडतील असं व्हाइट साहेबांनी बजावून ठेवलंय. मी माझ्या सीनियरसमोर नुसती स्थगितीला हरकत घेतली तरी तोंडाला कोरड पडते.

मग केस राहिली बाजूला आणि मी या रेक्स लीच्या मागे लागले. १९३५ चा जन्म, वाढला ॲरिझोनातल्या सेंट जॉन्स नावाच्या छोट्या गावात, घर मॉर्मन. मॉर्मन म्हणजे जोसेफ स्मिथने १८३० मध्ये काढलेला ख्रिश्चनांतला एक पंथ, यांच्यात दारू नाही, सिगारेट नाही, कॉफी नाही आणि चहाही नाही (हे वाचून मी हातातल्या कटिंगकडे बघितलं). तरुण पोरं प्रचाराला दूरदेशी जातात, हा मेक्सिकोत गेला होता. मग शिकागोच्या लॉ स्कूलमधून १९६३ ला पहिल्या नंबराने पास, फिनिक्समध्ये वकिली. पुढे चर्चच्याच ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीने लॉ स्कूल काढायचं ठरवलं तेव्हा पहिला डीन हाच, वय छत्तीसच्या आसपास. इमारत नाही, काही नाही, १९७३ ला पहिली बॅच बसवली ती गावातल्या एका कॅथलिक शाळेच्या जागेत. मॉर्मनांचं लॉ कॉलेज कॅथलिकांच्या वर्गात! आपल्याकडे नवीन कॉलेज असंच कुणाच्या तरी हायस्कूलच्या दोन खोल्यांत सुरू होतं, ते आठवलं.

१९८१ ते ८५ तो राष्ट्रपती रेगनचा सॉलिसिटर जनरल. या माणसाचं काम म्हणजे सरकारच्या वतीने सुप्रीम कोर्टात बोलायचं, पण कुठल्या केसमध्ये अपिलात जायचं आणि कुठल्यात नाही हेही त्यानेच ठरवायचं. आणि तिथे एक जुनी पद्धत आहे, खालच्या कोर्टात सरकार चुकीच्या मुद्द्यावर जिंकलं असेल तर सॉलिसिटर जनरलने वर जाऊन सरळ सांगायचं की आमची चूक झाली. लीच्या मागे कट्टर मंडळी हात धुवून लागली होती, गर्भपात, शाळेतली प्रार्थना, तू आपल्या विचारांचा ना, मग कोर्टात तसं दणकून का मांडत नाहीस. त्यावर त्याचं वाक्य आहे, मी सॉलिसिटर जनरल आहे, पत्रकं वाटणारा जनरल नाही. बॉब जोन्स युनिव्हर्सिटीच्या करसवलतीच्या केसमधून तर तो आपणहून बाजूला झाला, कारण तशाच प्रश्नावर पूर्वी त्याने आपल्या चर्चचं काम केलं होतं.

इथे मला आमचे भाऊकाका आठवले. बाबांचे चुलतभाऊ, जिल्ह्यात बरीच वर्षं सरकारी वकील. एका भूसंपादनाच्या मोबदल्याच्या केसमध्ये संयुक्त मोजणीच्या कागदावर हापूसची चौदा कलमं लिहिली होती आणि बागायतदार म्हणत होता सतरा. काका एका रविवारी स्कूटर घेऊन बागेत जाऊन आले आणि सोमवारी कोर्टात सांगून मोकळे झाले, सतरा आहेत. खात्याचा साहेब बाहेर व्हरांड्यात त्यांच्यावर असा तापला की तुम्ही नक्की कुणाचे वकील. काका म्हणाले, "कलमां सतरा आसत, चौदा कशी सांगू?" पुढच्या वेळी पॅनेलवर त्यांचं नाव नव्हतं. घरात त्यावर कोणी काही बोललं नाही, काकी तेवढी आठवडाभर फणकाऱ्यात होती.

लीबद्दलची आणखी एक गोष्ट मला केसपेक्षाही जास्त लागली. १८५७ मध्ये दक्षिण युटात माउंटन मेडोज नावाच्या जागी मॉर्मन लोकांनी बैलगाड्यांतून चाललेल्या वाटसरूंचा तांडा कापून काढला, शंभरावर माणसं, बायका-पोरांसकट. शिक्षा झाली ती एकट्या जॉन डी. ली याला, १८७७ मध्ये त्याच जागी गोळ्या घालून. रेक्स ली त्याचाच वंशज. १९९० मध्ये तिथलं स्मारक झालं तेव्हा मारणाऱ्यांच्या आणि मेलेल्यांच्या वंशजांसमोर तो बोलायला उभा राहिला आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांचे हात धरायला सांगितले. तेव्हा तो ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीचाच अध्यक्ष होता, आणि १९८७ पासून अंगात कॅन्सर. मॅरेथॉन पळणारा माणूस, पुढे पायांतलं बळ गेलं, तरी मधूनमधून सुप्रीम कोर्टात उभा राहतच होता. एकूण ५९ केसेस तिथे लढला. १९९५ च्या अखेरीस अध्यक्षपद सोडलं आणि १९९६ च्या मार्चमध्ये गेला, वय ६१.

रविवारी काकांकडे गेले होते तेव्हा हे सगळं त्यांना ऐकवलं. खळ्यात सुपारी सोलत बसले होते, मान हलवत ऐकत होते. पत्रकं वाटणारा जनरल ऐकून हसले. चहा पीत नसे म्हटल्यावर मात्र थांबले, "मगे बाररूमात बसा कसो?" मग मी निकाल, स्मारक, कॅन्सर सगळं एका दमात सांगून टाकलं, म्हटलं आता काहीतरी बोलतील.

"ता रव्हांदे. त्या चढ्ढाचा काय झाला?"

"ऱ्हवलो, थंयच."

"हां," म्हणाले आणि पुढची सुपारी घेतली.