लोकर कातली, पण पिंजणीनं अकरा आठवडे खाल्ले

घरी लोकर कातायची असेल तर टकळी सगळ्यात शेवटी घ्या. आधी लोकर पिंजायची सोय बघा. मला हे कुणी सांगितलं नाही, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते आहे. कातायला मी चार दिवसांत शिकले. पिंजणीसाठी मात्र अकरा आठवडे एका केंद्राच्या पायऱ्या झिजवल्या, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचं शेत सासवडजवळ आहे. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारी बिऱ्हाडं, पश्चिमेकडे निघतात तेव्हा वाटेत आमच्या रानात दरवर्षी मेंढरं बसवतो. शेताला खत मिळतं, त्यांना धान्य आणि पैसे मिळतात. यंदा बाजरी निघाल्यावर चार रात्री वाडा होता आणि त्यातच कातरणी झाली. संध्याकाळी बांधाकडे गेले तर काळ्या लोकरीचा ढीग तसाच पडलेला. विचारलं तर वाड्यावरच्या मावशी म्हणाल्या, "कातरणाऱ्याची मजुरी सुटंना हिच्यातनं. कोण घेतंय आता? ऱ्हाऊ दे हितंच." पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यासोबत लोकर उधळतात, इतका जिचा मान, ती आमच्या बांधावर वाऱ्यानं उडत होती. मी घरून गोणी आणली. चार किलो भरली. मावशींच्या हातावर पैसे ठेवले, ते त्यांनी दोनदा परत केले आणि तिसऱ्यांदा घेतले.

मावशींनीच कातायला शिकवलं. त्यांच्या सासूचा कातायचा रहाट गावाकडे माळ्यावर आहे, म्हणून टकळीवर शिकवलं. माझ्याकडे आईची सूतकताईची पितळी चकतीची टकळी होती. ती त्यांनी हातात तोलली आणि बाजूला ठेवली. कापसाची टकळी हलकी असते. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, तिला वजनदार टकळी लागते. त्यांच्या मुलानं बाभळीच्या काडीला लाकडी चकती बसवून दिली, वजन साठ ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडच्या लोकरीचे तंतू आखूड असतात, मी मोजले ते जेमतेम दोन इंच भरले. त्यामुळे टकळी हवेत लोंबती सोडली की तिच्या वजनानं धागा तुटतो. टोक नारळाच्या करवंटीत टेकवून फिरवायची. उजव्या हातानं फिरकी द्यायची, डाव्या हातात पेळू, म्हणजे मोकळ्या लोकरीची वळी, धरायचा आणि चिमटीनं पीळ अडवून धरायचा. पीळ तंतूंत शिरायच्या आधी तंतू ओढायचे. एकदा पीळ शिरला की कितीही ओढा, धागा लांबत नाही, तुटतोच. पहिल्या दिवशी मी मोजून चाळीस वेळा तुटलेला धागा जोडला. चौथ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "आता पीळ बसतोय बाय. हात सैल ठिव म्हंजी झालं." दुसऱ्या दिवशी वाडा हलला.

इथवर सगळं सरळ होतं. धुण्यात एक चूक झाली, ती तुमची होऊ नये म्हणून सांगते. लोकरीत ओशटपणा असतो, तो थंड पाण्यानं निघत नाही. हात घालवेल न घालवेल इतकं गरम पाणी घ्यायचं, त्यात रिठ्याचं पाणी मिसळायचं, लोकर अलगद बुडवायची आणि अर्धा तास तिला हात लावायचा नाही. चोळायचं नाही, पिळायचं नाही. खळबळायचं पाणीही तितकंच गरम हवं. मी पहिला घाणा गरम पाण्यातून काढून थेट नळाखाली धरला. लोकर आवळून तिचा घट्ट नमदा झाला. ती पावशेर लोकर आता गाडीच्या सीटवर बसायला आहे. आणखी एक: धनगर कातरणीआधी मेंढरं ओढ्यात धुतात. आमच्याकडे ओढ्याला पाणी होतं, म्हणून निम्मी घाण आधीच गेली होती. न धुतलेल्या मेंढरांची लोकर मिळाली तर काटे आणि लेंड्या वेचण्यातच तुमचा आठवडा जाईल. शेपटीकडची आणि पोटाखालची लोकर घेऊच नका.

धुऊन, वाळवून, कुसळं वेचून पावणेतीन किलो उरली. आता पिंजण.

पूर्वी पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन गावात यायचा. धनुकलीच्या तातेवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, ठोका बसला की लोकर मोकळी होऊन पांगायची. आमच्या भागात आता कुणी येत नाही. गादीवाल्याकडे कापूस पिंजायचं मशीन असतं, म्हणून तिथे गेले. त्यानं लोकर हातात घेतली आणि परत दिली. ओशट तंतू दातऱ्यांत अडकतात आणि पुढचे दोन दिवस कापूस काळा येतो, असं म्हणाला. त्याचं म्हणणं मला पटलं. लगेच नाही म्हणाला, याबद्दल मी त्याची आज जास्त आभारी आहे.

मग कुणीतरी एका पिंजण केंद्राचा पत्ता दिला. ते मेंढपाळांसाठीच उभारलेलं. फोन केला तर म्हणाले, "घेऊन या, पिंजून देऊ." एसटीनं दीड तास. खिडकीतल्या माणसानं अर्ज दिला. अर्जात पहिलाच रकाना मेंढपाळ असल्याच्या दाखल्याचा. मी म्हटलं, मी मेंढपाळ नाही, लोकर घेतलेली आहे, पिंजणीचे पैसे देते. ते म्हणाले, मग ज्याची लोकर त्याचा दाखला आणा. मावशींच्या मुलाला फोन लावला. वाडा तोवर मुळशीकडे पोचला होता. त्यानं बिचाऱ्यानं रानातून चालत जाऊन आधार कार्डाचा फोटो पाठवला. मी त्याची प्रत काढून पुन्हा गेले. आता तलाठ्याचा दाखला पाहिजे म्हणाले. तलाठी त्याच्या गावात, तो वर्षातले सात-आठ महिने रानात. फिरत्या माणसासाठी काढलेल्या केंद्रानं त्याच्याकडे गावात बसून मिळणारा कागद मागायचा, यावर मी खिडकीपाशी वाद घातला. मागे दोन धनगर बांधव उभे होते, त्यांच्याकडेही तो कागद नव्हता आणि ते गप्प होते. ते गप्प का राहिले हे मला घरी येताना एसटीत कळलं. त्यांना पुन्हा त्याच खिडकीवर यायचं होतं.

तिसऱ्या खेपेला आतल्या साहेबांनी अर्ज घेतला. पावती मिळाली. "आठवड्यानं या."

आठवड्यानं गेले तर मशीनचा पट्टा तुटलेला. त्यापुढच्या आठवड्यात पट्टा आला होता, पण बसवणारा माणूस आला नव्हता. मग संक्रांत आली. मग फोन उचलेनात. नवव्या आठवड्यात एका कामगारानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, वीस किलो झाल्याशिवाय इथं मशीन लावत नाहीत. तुमची तीनबी नाही." वीस किलोची अट कुठेही लिहिलेली नव्हती. ना अर्जावर, ना भिंतीवर. फोनवर पहिल्या दिवशी कुणी एवढं एक वाक्य बोललं असतं तर मी त्याच दिवशी दुसरी वाट शोधली असती. मला राग उशिराचा नाही. मशीन बिघडतं, माणसं रजेवर जातात. माहीत असलेली गोष्ट न सांगता खेपा घालायला लावणं, याचा राग आहे. ज्यांचा दिवसाचा रोज बुडतो, त्यांना तर अशी एक खेपही परवडत नाही.

अकराव्या आठवड्यात मी लोकर परत मागितली. गोणी गोदामाच्या कोपऱ्यात ओल्या भिंतीला लावलेली होती. घरी येऊन उघडली तर खालचा थर दमट आणि त्यात कसर. बारीक पांढऱ्या अळ्या तंतू कुरतडत होत्या. मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात चादरीवर पसरून कडक ऊन दिलं, झटकली, खराब झालेली फेकली. चांगली पावणेदोन किलो उरली. एक किलो लोकर गेली.

लोकर कधीही प्लास्टिकच्या गोणीत ठेवू नका. सुती कापडात, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासकट ठेवा, आणि पंधरा दिवसांनी एकदा ऊन दाखवा. दुसऱ्याच्या गोदामात ठेवायची वेळ आलीच तर पावतीवर वजन आणि तारीख दोन्ही लिहून घ्या. माझ्या पावतीवर वजन नव्हतं, त्यामुळे नुकसान किती झालं हे मला तिथे सिद्धही करता आलं नाही.

वाट शेवटी पाळीव प्राण्यांच्या दुकानात सापडली. कुत्र्याचे केस विंचरायचा चौकोनी ब्रश मिळतो, त्याला बारीक, टोकाशी वाकवलेल्या तारा असतात. साडेतीनशेला एक, दोन घ्यायचे. डाव्या हातातला ब्रश मांडीवर उताणा ठेवायचा, त्याच्या तारांवर लोकरीचा पातळ थर द्यायचा. उजव्या हातातल्या ब्रशनं वरच्यावर ओढत न्यायचं. तारांत तारा घुसवायच्या नाहीत, नाहीतर तंतू तुटतात आणि गाठी होतात. पाच-सहा वेळा ओढलं की काळं धुकं दिसावं तसा थर तयार होतो. तो विणायच्या सुईवर गुंडाळून काढला की झाला पेळू. एका पेळूचं वजन चार ग्रॅम, वेळ चार मिनिटं. रोज एक तास बसले. एका महिन्यात पावणेदोन किलो लोकर पिंजून झाली. अकरा आठवडे मी जिची वाट बघत होते ती गोष्ट एका महिन्यात माझ्या ओसरीवर झाली.

हात कोरडे असतील तर तंतू विस्कटतात, वीज भरते. मी रिठ्यानं जरा जास्तच स्वच्छ धुतली होती. मग पाण्यात दोन थेंब खोबरेल घालून, हलवून, हातावर शिंपडायला लागले, तेव्हापासून पेळू गुळगुळीत येऊ लागले. आणि निवडताना काळी लोकर घ्या. माझ्या ढिगात तांबूस-पांढरी थोडी आली होती, ती कळपात मिसळलेल्या माडग्याळी मेंढीची. ही जात जत तालुक्यातली, मटणासाठी चांगली वाढते म्हणून आता बरेच धनगर ठेवतात, पण तिच्या अंगावर लोकर कमी आणि केस जास्त. ते केस पीळ धरत नाहीत, सुतातून सुटून बाहेर येतात. मफलर किंवा टोपी विणायची असेल तर कोकराची पहिली कातरण मागा. त्याला जावळ म्हणतात, आणि ते हाताला मऊ लागतं.

कातण्याबद्दल आता सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण पेळू नीट असला की सूत आपोआप येतं. माझ्या हाताचा आधीचा चाळीस वेळांचा तुटणारा धागा निम्मा पेळूच्या दोषानं तुटत होता. हातानं चिमटून मोकळ्या केलेल्या लोकरीवर शिकले होते ना. ब्रशनं केलेला पहिला पेळू कातला तेव्हा तो एकदाही न तुटता संपला. मी घड्याळ बघितलं नाही, पण स्वयंपाकाला उशीर झाला आणि सगळ्यांनी तो समजून घेतला. विणकामासाठी कातायचं असेल तर दोन पदर उलट्या दिशेनं पिळून दुपदरी करा, एकपदरी सुताचं विणलेलं तिरकं होतं. लड काढली की कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगा, पीळ बसतो. न भिजवता गुंडाळी केली तर सूत स्वतःभोवती वेटोळी घालत राहतं.

सव्वा महिना दिवसाला दीड तास धरून एप्रिलअखेर दीड किलो सूत झालं. अक्षय्य तृतीयेनंतर ते घेऊन माण तालुक्यातल्या, घोंगडी विणणाऱ्या एका सणगर काकांकडे गेले. त्यांचा माग खड्ड्यातला, उभ्या धाग्याला, म्हणजे ताण्याला, चिंचोक्याची खळ देऊन विणतात; आडवा धागा तो बाणा. त्यांनी एक लड सोडली, दोन्ही हातांत वीतभर धागा ताणला, कानाशी नेऊन तोडला आणि आवाज ऐकला. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते.

"ताण्याला न्हाई चालायचं," ते म्हणाले. "पीळ कमी हाय. ताणा माझा घालतो, बाणा तुमचा. आसनाएवढी पट्टी हुईल, जरा मोठीच." मग पुन्हा लडीकडे बघितलं. "पिंजली कुठं?"

मी पिशवीतून ब्रश काढले. त्यांनी दोन्ही हातांत घेतले, उलटेसुलटे केले, शेजारच्या पाटीतली त्यांची स्वतःची लोकर चिमूटभर घेऊन तारांवर टाकली आणि तीन-चार वेळा ओढली. थर मोकळा झाला. काकूंना हाक मारून त्यांना दाखवला.

"केवढ्याला मिळतं हे?"

"साडेतीनशेला एक. दोन लागतात."

"येताना एक जोडी आणा माझ्यासाठी," ते म्हणाले, आणि माझं सूत वजनकाट्यावर ठेवलं.