देवाच्या चपला आणि माझ्या कादंबरीतला गाव

आरवलीच्या वेतोबाला मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझी नजर मूर्तीवर ठरलीच नाही, ती चपलांवर खिळली. चामड्याच्या, नवसाला वाहिलेल्या, कुठल्याच माणसाच्या पायाला न होणाऱ्या मापाच्या. एका जोडाची टाच आतल्या बाजूने दबली होती, अगदी माझ्या वडिलांच्या चपलेची दबायची तशी. मी मामीला दाखवली. ती म्हणाली, "रात्रीचो फिरता ना तो गावभर. मगे झिजतल्योच." आणि केळी ठेवायला पुढे गेली.

तोवर माझ्या कादंबरीला दोन वर्षं झाली होती. डोंबिवलीच्या घरात ओट्यावरच्या भिंतीला नकाशा चिकटवलेला: उत्तरेला बर्फाचे डोंगर, तीन राज्यं, एक शापित राजपुत्र. एकशेचाळीस पानं लिहून झाली होती, पण त्या जगातला माणूस सकाळी उठून काय करतो, कशाला हात लावत नाही, संध्याकाळी कुठल्या वाटेने जायचं टाळतो, हे मला सांगता आलं नसतं. मी दंतकथांमधून राक्षस उचलले होते. तो राक्षस आणि गाव यांच्यात काय ठरलंय, ते मात्र तिथेच सोडून आले होते.

देवळाबाहेरच्या दुकानदाराने आणखी एक गोष्ट सांगितली. वेतोबाची जुनी मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, म्हणून गावात घराला फणसाचं लाकूड वापरत नाहीत. कोकणात, जिथे परसात फणस असतोच, तिथे! परतीच्या एसटीत मी वहीत फक्त सुतारांचे प्रश्न लिहिले. दारं कशाची करायची? लाकूड बाहेरून आणायचं तर कुठून? दुसऱ्या गावात दिलेली मुलगी सासरी फणसाच्या पाटावर पहिल्यांदा बसते तेव्हा तिला काय वाटतं? एका निषेधातून अख्ख्या गावाचा व्यवहार उभा राहत होता. ही श्रीमंती मला तीन राज्यांच्या लढाईत कधी सापडली नव्हती.

मग मी आचऱ्याच्या मामाला धरलं. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण पुष्कळांना ऐकून माहीत असते: काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळा गाव 3 दिवस 3 रात्री वेशीबाहेर राहतो. गुरंढोरं, कोंबड्या, सगळं घेऊन. चिंदरलाही गावपळण होते. पण ऐकून माहीत असणं वेगळं. मला बारकावे हवे होते, म्हणून मी मामाला विचारलं, जो चालू शकत नाही त्याचं काय?

"खुर्चीत बसवून नेतत. कोंबड्ये डालग्यात. कुत्रे पाठसून येतत." मामा थोडा थांबला. "मांजराचा काय सांगूक येना नाय गो बाय."

त्याच्या लहानपणी त्यांचं मांजर पोत्यातून निसटून घरी पळालं होतं. आजोबांनी मागे जाऊ दिलं नाही. तीन रात्री मामा झोपडीतून गावाच्या दिशेने बघत बसायचा. तिकडे एकही दिवा नाही. बाकीच्या पोरांची चंगळ चालली होती, खाडीचे मासे, रात्री भजन, शाळा नाही. चौथ्या दिवशी परत जायलाही कौल लागतो. "नाय मिळालो तर आणखी रवाचा." मिळाला. मांजर पडवीत बसलं होतं. मामा म्हणतो, आठ दिवस त्याने त्याला जवळ घेतलं नाही. का, ते त्याला आजही सांगता येत नाही.

माझं मत असं झालंय की दंतकथेतून घ्यायची ती अट. पैठणच्या शालिवाहनाची गोष्टच बघा. कुंभाराघरी वाढलेला पोर मातीचे शिपाई करतो आणि ते जिवंत होतात, इथवर सगळ्यांना आवडतं. पण माझी आजी पुढे सांगायची की हे सैन्य नर्मदेशी अडलं, कारण माती पाण्यात विरघळते. म्हणून अलीकडे शालिवाहन शक आणि पलीकडे विक्रम संवत, दोहोंत 135 वर्षांचं अंतर. इतिहास म्हणून हे कोणी धरू नये. पण कालगणनेची सीमा ओल्या मातीने समजावणारी आजी मला भेटली, हे माझं भाग्य. माझ्या जगातली प्रत्येक शक्ती आता कशात तरी विरघळते.

एक गोष्ट मी कटाक्षाने पाळली आहे. वेतोबाचं नाव कादंबरीत नाही, रामेश्वराचंही नाही. ज्यांच्यासमोर माझा मामा आजही "होय म्हाराजा" म्हणत गाऱ्हाणं घालतो, त्यांना मी माझ्या कथानकाच्या सोयीसाठी पात्र करून राबवणार नाही. त्यामुळे माझ्या गावाचा राखणदार निनावी आहे, आणि रिकाम्या गावात त्या तीन रात्री काय होतं हे एकाही पानावर येणार नाही. एका मैत्रिणीने वाचून सांगितलं की तोच तर प्रसंग हवा. मला पटलं नाही. आचऱ्यातही तो कुणी पाहत नाही. सगळे वेशीबाहेर असतात.

बर्फाचे डोंगर नकाशावरून गेले. आता तिथे खाडी, वेस आणि फणसांची एक राई आहे, जिच्यावर कुऱ्हाड चालत नाही. सध्या चौथं प्रकरण चालू आहे. एक म्हातारी तीन रात्रींनी घरी येते, दाराची कडी काढते, मांजराला ओलांडून स्वयंपाकघरात जाते आणि चुलीतल्या राखेवर हात ठेवते. राख गार असायला हवी. ती गार आहे की नाही, हे माझं अजून ठरत नाहीये.