नंबरप्लेट वाचता आली, सायकल दिसली नाही

मी ७१ वर्षांची. यंदा माझ्या लायसन्सची मुदत संपली. पंचावन्नच्या पुढे ते पाचच वर्षांसाठी मिळतं आणि सोबत डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-ए लागतो. त्यात विचारतात: रंगांधळेपणा तीव्र किंवा पूर्ण आहे का, दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का (चष्मा चालतो), हॉर्न ऐकू येतो का, रातांधळेपणा आहे का. मी गेले त्या डॉक्टरांनी "काकू, दिसतं ना नीट?" एवढं विचारून सही केली.

घरी आले, पण चैन पडेना. पंधरा दिवसांपूर्वी चौकात डावीकडे वळताना एक सायकलवाला मुलगा मला दिसलाच नव्हता. ब्रेक त्यानेच मारला. पाठीवर दप्तर, चेहरा पांढराफटक. तो चेहरा डोळ्यांपुढून जाईना.

म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी डोळ्यांचा दाब मोजला आणि फील्ड टेस्ट करायला सांगितली. हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून समोरच्या ठिपक्याकडे बघत बसायचं. आजूबाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी बराच वेळ काही चमकेचना. मला वाटलं, मशीन बंद पडलं. रिपोर्टवर त्या डोळ्याची कड काळी होती.

काचबिंदू. समोरची नजर शाबूत, म्हणून नंबरप्लेट वाचता येते. कडेची मात्र गुपचूप जाते, दुखत नाही की खुपत नाही. गेलेली परत येत नाही. थेंब घालून उरलेली सांभाळायची. ही तपासणी आमच्या वयाला त्या फॉर्ममध्येच हवी, असं मला फार वाटतं.

"गाडी चालवू का?" मी सरळच विचारलं.

"रात्री अजिबात नको. दिवसाही आधी जाणत्या माणसाला शेजारी बसवून बघा."

मुलाला बसवलं नाही. त्याने माझं मन राखलं असतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांना बसवलं. तासाभराने ते म्हणाले, "काकू, हात छान आहे. पण वळताना मान वळत नाही, नुसत्या आरशावर भागवता." खरंच होतं. मान आखडते म्हणून कधी सवय लागली, कळलंच नव्हतं.

चार रविवार त्यांच्यासोबत नुसती वळणं घेतली. आता आधी मान पूर्ण वळते, मगच स्टिअरिंग. दिवसाउजेडी मंडई आणि बहिणीचं घर, एवढंच जाते.

सहा महिन्यांनी पुन्हा फील्ड टेस्ट आहे. काळा भाग वाढलेला दिसला, तर किल्ली त्याच दिवशी मुलाच्या हातात देणार आहे. तसं त्याला सांगूनही ठेवलंय.