आईंच्या उशाशी धुण्याचं मशीन

आमच्या इंदूरमधल्या लोकमान्य नगरच्या घरावर मजला चढवला तेव्हा मी एकाच गोष्टीवर अडून बसले होते. धुण्याची खोली वर हवी, झोपायच्या खोल्यांना लागून. खाली थोरले दीर-जाऊबाई राहतात, वर आम्ही आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. आधी धुणं खालच्या मागच्या मोरीत व्हायचं आणि वाळायला गच्चीवर जायचं. मध्ये छत्तीस पायऱ्या. एका पावसाळ्यात आई पिळलेल्या चादरींची बादली घेऊन चढताना घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. प्लास्टर दीड महिना होतं. मला घरी कळलंसुद्धा नव्हतं की मी शाळेत गेल्यावर त्या बादल्या नेतात.

शिवाय हिशेब सरळ आहे. कपडे अंगावरून उतरतात झोपायच्या खोलीत, घडी होऊन परत जातात तिथल्याच कपाटात. मग मध्ये जिने कशाला? बाथरूम आणि आईंची खोली यांच्यामध्ये पाच बाय सातची जागा काढली, तिचं एक दार पॅसेजमध्ये, दुसरं गॅलरीत. गॅलरीत वर-खाली होणाऱ्या दोरीच्या दांड्या. मशीन, दांडी, कपाट, सगळं बारा पावलांत.

चूक झाली ती मशीन ठेवताना. नळ आणि निचरा आईंच्या भिंतीत काढला होता, म्हणून मशीनही त्याच भिंतीला टेकलं. भिंत अर्ध्या विटेची, साडेचार इंची. पहिल्याच सकाळी सहाला मी धुणं लावलं आणि पिळणं सुरू झाल्यावर आईंच्या खोलीत डोकावले. आई पलंगावर उठून बसल्या होत्या. कोनाड्यातल्या स्टीलच्या पेल्यावर झाकण होतं, ते एकसारखं किणकिणत होतं. झाकण उचललं तर पाण्यावर काठापासून मधोमध बारीक वलयं धावत होती. आई काही बोलल्या नाहीत, पण त्यांना दचकून जागं केलं याचं मला फार वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी खोली वर आणली, त्यांचीच झोप मी मोडली होती.

मिस्त्री म्हणाला, "भाभीजी, थर्माकोल लगवा लो." लावला. काडीचा फरक पडला नाही, आणि आता त्याचं कारण मला कळतं. हवेतून येणारा आवाज अडवायला वजन लागतं, थर्माकोलला वजनच नाही. आणि आमचा आवाज मुळात हवेतून येतच नव्हता. पिळताना भिंतीवर तळवा टेकवला तर हाताला थरथर लागत होती. पायाखालच्या फरशीतही तीच. मशीन मिनिटाला १२०० फेऱ्यांवर पिळतं, म्हणजे सेकंदाला २० फेऱ्या, आणि ड्रममध्ये कपडे एका बाजूला गोळा झाले की प्रत्येक फेरीला एक हिसका. तो हिसका फरशी-भिंतीतून थेट पलंगापर्यंत पोचत होता. तेव्हा औषध भिंतीला नाही, मशीनच्या पायांना द्यायला हवं होतं.

मशीन समोरच्या, बाथरूमकडच्या भिंतीजवळ नेलं आणि कुठल्याच भिंतीला टेकू दिलं नाही, चारही बाजूंनी चार बोटं जागा. पाणसळ ठेवून चारही पाय फिरवून समपातळीत आणले आणि पायांवरचे नट घट्ट आवळले. ते नट सैल राहिले तर आठवड्यात पाय पुन्हा फिरतात. खाली जाड रबराचे तुकडे. एवढ्यानेच पेल्याचं झाकण गप्प झालं! शेजारच्या वहिनींचं नवं मशीन तर न्हाणीभर चालत होतं, कारण वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागे लावलेले बोल्ट काढायचे राहून गेले होते. नवं मशीन घेतलंत तर आधी मागे बघा.

कपडे भरायचीही एक रीत आहे. एकटी जाड चादर टाकली की ती ओला गोळा होऊन बसते. तिच्याबरोबर टॉवेल, परकर असं मध्यम काही टाकावं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही सत्तर किलोमीटरवरच्या, नदीकाठच्या जलूदहून उपसून चढवलेलं. अर्धा ड्रम धुणं मला तसंही पटत नाही. दुपारी आई आडव्या झालेल्या असताना मी पिळणं ८०० वर ठेवते. हिसक्याचा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे फेऱ्या दुप्पट तर जोर चौपट, त्यामुळे १२०० चा ८०० केला की तो निम्म्याहून कमी होतो. कपडे थोडे ओले निघतात, मालव्यातल्या उन्हाला त्याचं काय?

हवेतला आवाज उरला, त्याला मात्र वजनच दिलं. आईंच्या बाजूच्या भिंतीला पूर्ण उंचीचं कपाट केलं आणि त्यात रजया, गाद्यांच्या खोळी ठासून भरल्या. पॅसेजचं पोकळ प्लास्टिकचं दार काढून भरीव फ्लश डोअर, कडेला रबराची पट्टी, खाली ग्रॅनाइटचा उंबरठा. उंबरठ्याने दाराखालची फट बुजली आणि कधी नळी सुटली तर पाणी पॅसेजमध्ये येणार नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते पाण्याने. गच्चीवरची टाकी नळाच्या जेमतेम सात फूट वर. दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब एक बार, म्हणजे आमच्याकडे ०.२ च्या आसपास, आणि मशीनच्या पुस्तकात किमान ०.३ लिहिलेलं. मशीन मध्येच थांबायचं. प्लंबरने प्रेशर पंप बसवून दिला. मग रात्री कुणी हात धुवायला नळ सोडला तरी पंप घुमायचा, तो त्रास मशीनहून वाईट. मशीन निदान माझ्या वेळेला चालतं. शेवटी लोखंडी स्टँड करून टाकी पाच फूट उचलली आणि पंप काढून टाकला. हे घर बांधतानाच कुणी सांगितलं असतं तर पैसे आणि तीन महिन्यांची झोप वाचली असती, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

२००० सालच्या ध्वनी नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. घरातल्या आवाजाला ती लावत नाहीत, पण मला मोजायला एक खूण मिळाली. फोनवर मोजून आईंच्या उशाशी पिळताना आधी ६१ यायचं, आता ४४. फोनचं माप काटेकोर नसतं, पण फरक खरा आहे. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो.

आता एकच राहिलंय. निचऱ्याचा पाइप अजून आईंच्या डोक्यामागच्या भिंतीत आहे आणि पाणी सोडलं की खळखळतो. आईंना विचारलं, तर म्हणाल्या, "असू दे गं, कळतं तरी दांडीवर घालायची वेळ झाली." तरी दिवाळीआधी भिंत फोडून पाइप बाथरूमच्या बाजूने काढायचं ठरवलंय. तोवर त्यांचा पलंग खिडकीकडे सरकवलाय.