पंचवीस मिनिटांचं उड्डाण

जायचं ठरलं तेव्हा मी आधी वही काढली. वास्कोहून थेट न्यू-ओलेसुंड, उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरचं गाव. २००८ साली सुरू झालेलं भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र तिथेच आहे. शेवटचे दोन टप्पे मला स्वतः मोजून बघायचे होते: उत्तर नॉर्वेतलं त्रुम्सो ते स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन, आणि तिथून पुढे न्यू-ओलेसुंड.

पहिला टप्पा सरळ निघाला. त्रुम्सो ६९.७ अंशांवर, लाँगइयरब्येन ७८.२ वर. एक अक्षांश साधारण १११ किलोमीटरचा, त्यात रेखांशातला साडेतीन अंशांचा फरक मिळवला की ९५५-९६० किलोमीटर. जेट विमानाला चढण्या-उतरण्यासकट पावणेदोन तास पुरतात.

दुसऱ्या टप्प्याने मात्र मला चकवलं. फोनच्या नकाशावर तो चांगला लांबलचक दिसत होता, पण हिशेब पुन्हा पुन्हा ११० किलोमीटरच येई. मुंबई-पुणे हवाई अंतराहूनही कमी! मग लक्षात आलं, हा नकाशा उत्तरेकडे ताणत जातो. ७८-७९ अंशांवर तर पाचपट. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटर रुंद, तिथे जेमतेम २२. शाळेत हे शिकले होते. पटलं त्या रात्री.

व्हिसाचा अर्ज मी एकाच प्रवेशाचा भरला होता. मॅडमनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "आणि परत कशी येणार आहेस?" स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. तिथे राहायला व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेतून जाते. त्रुम्सोला पासपोर्ट तपासून तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता. म्हणून दोन प्रवेशांचा व्हिसा हवाच. कुणी जाणार असेल तर हे आधी बघा, तिकीट नंतर.

लाँगइयरब्येनला उतरले आणि थांबले. पुढे रस्ता नाही, वस्त्यांना जोडणारा एकही नाही. छोटं डॉर्निअर विमान जातं, पंख्यांचं, पंधराएक माणसांचं. याच जातीची विमानं आपल्याकडे कानपूरलाही बनतात. सामानाला वजनाची मर्यादा कडक. नमुन्यांच्या बाटल्या ठेवल्या आणि दोन स्वेटर मागे काढले. पण पलीकडे कोंग्सफ्योर्दवर, न्यू-ओलेसुंडच्या खाडीवर, धुकं बसलेलं. "दोन तासांनी बघू," असं सांगायचे. दोन तासांनी पुन्हा तेच. जून महिना, सूर्य मावळत नव्हता, त्यामुळे दिवस संपल्याचंही कळेना. अशा दीड दिवसात मी वहीतला तो आकडा कितीदा पाहिला असेन! विमानाचा वेग माहीत होता, अंतर माहीत होतं, आणि धुक्यापुढे दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

मग एकदम बोलावणं आलं. पंचवीस मिनिटं. खाली हिमनद्या, त्यांच्यावर निळ्या भेगा, आणि खडीच्या धावपट्टीवर खडखडत उतरलो.

सवयीने फोन काढला. शेजारच्या सहकाऱ्याने हातानेच खुणावलं, नको. इथल्या वेधशाळेची अँटेना अतिदूरच्या ताऱ्यांसारख्या स्रोतांचे क्षीण रेडिओ संकेत टिपते, म्हणून गावात वाय-फाय नाही, ब्लूटूथ नाही. फ्लाइट मोड तसाच ठेवून मी बॅग उचलली आणि आईला पोहोचल्याचं कळवायला तारेचं इंटरनेट शोधत निघाले.